हरवलात तर दुकानापाशी

बँकॉकच्या त्या गल्लीत माझी लाज राखली ती तळलेले किडे विकणाऱ्या एका बाईनं. हे आधीच सांगून टाकते, कारण एकदा मी बोलायला लागले की माझ्याच धावपळीचं पुराण होतं आणि दुसऱ्यानं केलेलं मागं राहतं. तिचं नाव मला माहीत नाही. तिला माझं कळलं असण्याचं कारण नाही. पहिल्यांदा तिची गाडी दिसली तेव्हा मी नाकाला पदर लावून तोंड फिरवलं होतं, हेही सांगून टाकते.

मी वेल्ह्याकडची, पासलीची. सातवी झाली आणि शाळा सुटली. पुढची शाळा लांब होती आणि भाताची खाचरं जवळ होती. लग्न होऊन भोरला आले, घरोघरी पोळ्या करायला लागले. त्यातल्याच एका घरातला मुलगा सहली काढतो. रिटायर मंडळींना परदेश दाखवायचा, पण ताटात मात्र भोरचंच वाढायचं, असा त्याचा धंदा आहे. म्हणून बरोबर मी. आजवर तीन देश झाले. तिन्ही देशांची हॉटेलातली मागची स्वयंपाकघरं मला चांगली ठाऊक आहेत. तक्रार नाही. सातवी पास बाईला कोण विमानात बसवतं? त्या मुलाला मी रोज सकाळी मनातल्या मनात हात जोडते, आणि रोज सकाळी धास्तीही घेते, की आज माझ्या हातून काहीतरी होणार आणि मला परत पाठवणार.

बँकॉकला तिसऱ्या दिवशी तो मुलगा बायकांना घेऊन बाजाराला निघाला. चार पुरुषांनी बाजार नको म्हटलं. त्यांना ती गल्ली बघायची होती, पाठीवर बोचकी घेऊन जगभर हिंडणारी गोरी पोरं संध्याकाळी जिथं नाचायला-प्यायला जमतात ती.

"माहिती म्हणून बघायची," गुरुजी म्हणाले. "जगात काय चाललंय ते कळलं पाहिजे."

"आणि कळल्यावर?" त्यांच्या मंडळींनी विचारलं.

"निषेध करू," एसटीवाले काका म्हणाले. त्यांचा जन्म डेपोत गेला, त्यामुळं उत्तर कायम तयार.

बायकांनी आपसात काहीतरी ठरवलं आणि मला बोलावलं. मी बरोबर असले म्हणजे ती गल्लीही सोज्वळ होणार होती. भाऊसाहेबांच्या मंडळींनी मला बाजूला घेतलं. "त्यांनी शुगरची गोळी घेतलीय. सातच्या आत पोटात काहीतरी गेलंच पाहिजे, नाहीतर दरदरून घाम येतो आणि उभ्या जागी कोसळतात. मागं एकदा झालंय. मोबाईल माझ्याकडंच आहे, त्यांना सांभाळता येत नाही. तू आहेस म्हणून सोडते हां."

भाऊसाहेब म्हणजे कचेरीतले अव्वल कारकून. वेल्ह्याला होते तेव्हा माझे वडील सातबाऱ्यासाठी त्यांच्या टेबलासमोर उभे राहायचे. आता त्यांना सातच्या आत जेवायला बसवायचं काम माझ्याकडं आलं होतं. मी स्वयंपाक करून झाकून ठेवला आणि आम्ही चालतच निघालो.

लहानपणी जत्रेला नेताना आई एकच गोष्ट सांगायची. हरवलीस तर हिंडू नको, देवळाच्या पायरीवर बस, मी येते. गल्लीच्या तोंडाशी मला ते आठवलं. देऊळ नव्हतं, पण कोपऱ्यावर एक दुकान होतं, वर रंगीत पट्ट्यांची पाटी, काचेचं दार उघडलं की टिंग वाजायचं आणि आतून गार वारा यायचा.

"ह्ये बघा काका," मी म्हणाले, "चुकामूक झाली तर ह्या दुकानापाशी उभं ऱ्हायचं. हिंडायचं न्हाई."

"आम्ही काय बालवाडीतले आहोत का गं?" बँकवाले काका.

"हुकूम निघालाय, भाऊसाहेब," एसटीवाले काका म्हणाले. "नोंद घ्या."

भाऊसाहेबांनी खरंच दुकान खालपासून वरपर्यंत बघून घेतलं, टोपी सारखी केली आणि मान हलवली.

मग आम्ही आत शिरलो. गाणी इतकी मोठ्यानं की छातीत ठोके बसावेत. दर दुकानाचं गाणं वेगळं. पोरं प्लास्टिकच्या बादलीत दारू घेऊन नळीनं ओढत होती. आमच्याकडं अशा बादलीनं जनावराला पाणी दाखवतात. एका ठिकाणी काचेच्या टाकीत पाय सोडून माणसं ओळीनं बसलेली, आणि मासे त्यांच्या टाचा कुरतडत होते.

"ह्याचे पैसे घेतात?" गुरुजी थांबले. "आपल्या नीरेत लहानपणी हे फुकट होतं."

"आणि आपण बोंबलत बाहेर यायचो," बँकवाले काका म्हणाले.

निषेध काही कुणी करेना. सगळे डोळे फाडून बघत होते. पुढं त्या बाईची गाडी लागली. टोळ, अळ्या, काडीला टोचलेले काळे विंचू. बँकवाल्या काकांना नातवाला दाखवायला विंचवाबरोबर फोटो पाहिजे होता. मी पदराआडून मोबाईल धरला. बाई माझ्याकडं बघून खो खो हसली. चारचौघात सासूनं हसावं तसं. मला राग आला.

फोटो काढून मान वळवली तर माणसं तीनच.

पांढरी टोपी कुठंच दिसेना. पावणेसात झाले होते. पहिली काळजी ही, की भाऊसाहेबांना शोधायला पळाले तर हे तिघं तीन दिशांना जातील. समोर फुटपाथवर पाय चेपून देणाऱ्यांच्या खुर्च्या होत्या. मी तिघांना तिथं बसवलं. एकदा पाय त्या बायकांच्या हातात गेले की तासभर उठता येत नाही, हे मी बघून ठेवलं होतं.

"घरी कळलं तर?" गुरुजींनी विचारलं, पण चप्पल काढता काढता.

"पाय दुखत हुते म्हणून मीच बसवलं म्हणून सांगीन."

पळत कोपऱ्यावर आले. दुकानापाशी भाऊसाहेब नव्हते. तिथून मान वर करून बघते, तर रस्त्यापलीकडं तसंच दुकान. त्याच पट्ट्या, तेच काचेचं दार. तिथंही नाहीत. गल्लीतून परत धावले तर मध्यावर आणखी एक, आणि दार उघडताना त्याचंही टिंग वाजलं. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. पासलीत देऊळ एक असतं, त्यामुळं आईची युक्ती चालते. ह्या शहरात ते दुकान दर वळणावर होतं, आणि भाऊसाहेब त्यातल्या कुठल्या दुकानापाशी हुकूम पाळत उभे होते, देव जाणे. दुसरं कुणी असतं तर हिंडून तरी सापडलं असतं.

माझ्या मोबाईलवरून हॉटेलाबाहेर फोन लागत नव्हता. इंग्रजी मला तीन शब्द येतं. गर्दीत एकच चेहरा ओळखीचा वाटला, तो मघाशी हसलेल्या त्या बाईचा. मी तिच्यापुढं जाऊन उभी राहिले आणि मला रडू फुटलं. मोबाईलमधला सकाळचा सगळ्यांचा फोटो तिला दाखवला, भाऊसाहेबांच्या टोपीवर बोट ठेवलं, मग त्या पट्ट्यांच्या दुकानाकडं बोट केलं, मग हवेत चार-पाच ठिकाणी. दुसऱ्या कुणी मला वेड्यात काढलं असतं. ती माझ्या बोटाकडं बघत राहिली आणि मग तिला कळलं. ह्या वेळी हसली नाही.

ऐन गिऱ्हाइकीची वेळ. तिनं ताटांवर फडकं टाकलं, गॅस बंद केला आणि माझं मनगट धरलं. गाडी तशीच सोडून आम्ही निघालो. मागच्या बोळातलं दुकान, मग तिकडं एक देऊळ निघालं, त्याच्या भिंतीकडचं दुकान. दर ठिकाणी ती दारातल्या पोरांना डोक्यावर टोपी घातल्यासारखं करून विचारायची. शेवटी गल्लीच्या पार पलीकडच्या टोकाला, दुकानाच्या पाटीखाली, भाऊसाहेब ताठ उभे होते. गर्दीच्या लोंढ्याबरोबर ते उलट्या तोंडाला बाहेर पडले होते, पाटी ओळखीची दिसली आणि थांबले होते. बाजूला पाच-सहा गोरी पोरं आळीपाळीनं त्यांच्याबरोबर फोटो काढत होती. गल्ली बघायला आलेला माणूस गल्लीतलं बघण्यासारखं होऊन बसला होता.

"तू सांगितलंस तिथंच आहे," ते म्हणाले. "उशीर तुला झालाय."

एवढं बोलले आणि त्यांचा हात थरथरायला लागला. टोपीखालून घाम निथळत होता. मी काही बोलायच्या आत त्या बाईनं त्यांना धरून पायरीवर बसवलं, ॲप्रनच्या खिशातून केळीच्या पानात बांधलेली पुरचुंडी काढली, सोडली आणि घास त्यांच्या तोंडाशी धरला.

भाऊसाहेबांनी आयुष्यात अंड्याचा केकसुद्धा खाल्ला नाही. ते माझ्याकडं बघायला लागले. "ह्यात काय आहे?"

मी वास घेतला. "भात हाय, भाऊसाहेब. चिकट आन् गोड. नारळ घातलाय. खावा."

त्यांनी खाल्लं. ज्या हातानं ती विंचू टोचते त्याच हातानं तिनं चार घास भरवले. पुरचुंडी एकच होती. ते तिचं रात्रीचं जेवण होतं, हे मला पान रिकामं झाल्यावर समजलं.

थोड्या वेळानं त्यांचा हात स्थिर झाला. परत आलो तर तिच्या गाडीवरचं फडकं खाली पडलेलं, टोळांचं ताट रिकामं. बादलीवाल्या पोरांनी हात मारला असणार. तिनं फडकं उचलून झटकलं. भाऊसाहेबांनी पुढं केलेली नोट तिनं दोनदा मागं सारली आणि गॅस पेटवला. तिघं काका खुर्च्यांत घोरत होते.

हॉटेलात बायकांनी विचारलं, कशी होती गल्ली?

"काही विशेष नाही," गुरुजी म्हणाले. "नुसती गर्दी."

"शिस्त असली की माणूस हरवत नाही," भाऊसाहेब म्हणाले. त्यांच्या मंडळींनी माझ्याकडं बघितलं, "मग ही का एवढी घामाघूम झालीय?" मी पोळ्या गरम करायला गेले.

पुढच्या वर्षी परत तिकडची सहल आहे म्हणतात. नेलं तर नेलं. नाही नेलं तर कधीतरी माझी मी जाईन. एक अख्खी संध्याकाळ त्या बाईची गाडी मी सांभाळणार आहे आणि तिला बसून पोटभर जेवू देणार आहे. टोळ तळायला शिकावं लागलं तर शिकेन, पण एवढं तिच्यासाठी मी करणार.