काकांचं खाकरणं

आमच्या काकांइतकं खणखणीत खाकरणारा माणूस भिंगारमध्ये दुसरा झाला नाही, आणि हे मी छावणीतल्या तोफा जमेस धरून बोलतोय. काका म्हणजे माझ्या मावशीचे यजमान. मूळचे पारनेरकडचे, लष्कराच्या गोदामात कारकुनी करून निवृत्त झालेले. पुरुषमाणसानं घरात शिरताना दारात खाकरायचं, म्हणजे आतल्या बायका पदर सावरतात, ही त्यांच्या गावाकडची जुनी रीत. काकांनी ती दारापुरती ठेवली नाही. ते बाजाराच्या कोपऱ्यावर खाकरले की चहावाला आधण ठेवी. माझ्या लग्नात ते मांडवात शिरताना खाकरले, तर भटजी मंगलाष्टक अर्ध्यावर सोडून बाजूला सरकले. मावशी तेवढी कधी दचकली नाही. नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही आणि 'अहो' म्हणायची लाज, म्हणून ती स्वयंपाकघरातून मोघमच विचारायची, "आलं का?" काका म्हणायचे, "आलो." मावशी गेल्यावरही ते कुलूप काढण्याआधी खाकरतच राहिले. आता आत ऐकायला कोण आहे, असं मी एकदा बोलून गेलो. "सवय हाय रं," ते म्हणाले. "न खाकरता शिरलं की चोरागत वाटतंय."

त्यांची एकुलती एक लेक कॅनडात. बाबांनी आता कायमचं आपल्याकडेच राहायला यावं म्हणून तिनं अर्ज केला आणि नातीनं रोज फोनवर तगादा लावला. पण कायमचं राहायचं तर आधी छाती तपासून घ्या, असा तिकडचा नियम. म्हणून मी त्यांना पुण्याला घेऊन गेलो. एक्स-रे बघून डॉक्टर म्हणाले, "फुफ्फुसावर जुना डाग दिसतोय. घाबरू नका, पण आत्ता टीबी नाही याची खात्री लागते. उद्यापासून तीन दिवस सकाळचा बेडका द्यावा लागेल." काका हसले. "त्यात काय? डबी लहान पडंल बगा."

दुसऱ्या दिवशी नर्सनं त्यांना मागच्या मोकळ्या अंगणात उभं केलं. काका असे खाकरले की कौलावरची कबुतरं उडाली. नर्सनं डबी उजेडात धरली. "काका, ही नुसती लाळ आहे. खोल छातीतून हवं." पुन्हा खाकरणं, पुन्हा लाळ. आयुष्यभराचं ते खाकरणं सगळं आवाजाचंच होतं, आत माल काहीच नव्हता. काकांचा चेहरा पडला. "पोरीनं माझ्यासाठी खोलीला रंग दिलाय," ते म्हणाले. "आन् मी अडकलो कशात, तर थुंकीत."

नर्स नवी डबी देऊन आत गेली. मला त्यांचा तो चेहरा बघवेना. लांबूनच म्हटलं, "काका, आपल्या घराच्या दारात उभे आहात असं समजा." त्यांनी टोपी सारखी केली, डोळे मिटले आणि पार बेंबीच्या देठापासून खाकरले. खोकल्याची मोठी उबळ आली आणि डबीला तिचा वाटा मिळाला. तेवढ्यात आतून नर्सनं विचारलं, "आलं का?"

काका जागचे हलले नाहीत. डबी हातात तशीच. मग अगदी हळू म्हणाले, "आलो."

नर्स हसली. तिला वाटलं, म्हाताऱ्याला कमी ऐकू येतं.

पुढच्या दोन सकाळी सुरळीत पार पडल्या. पण त्या बेडक्यातून प्रयोगशाळेत जंतू वाढतात का हे कळायला कित्येक आठवडे लागतात, आणि तेवढे दिवस काका खाकरलेच नाहीत. "उगं कुनी ऐकलं तर?" म्हणायचे, जसा काही कॅनडाचा माणूस बाजारात कान लावून बसला होता. चहावाला तर ते आजारी आहेत का, हे विचारायला घरी येऊन गेला. अखेर निकाल आला. टीबी नव्हता. त्या संध्याकाळी काका कोपऱ्यावर उभे राहून असे खाकरले की चहावाल्यानं न विचारता सगळ्या बाजाराला चहा पाजला.

आता ते तिकडे सुखात आहेत. लेकीच्या दारावर घंटा आहे, तिला ते हातही लावत नाहीत म्हणे. इकडच्या घराची किल्ली माझ्याकडे असते. परवा झाडलोट करायला गेलो आणि कुलूप काढण्याआधी मीही खाकरून बघितलं. चोरागत वाटू नये म्हणून. आवाज अगदीच कच्चा निघाला. तरी मी थोडा वेळ दारात थांबलो. दोघांचीही फार आठवण आली.