ओळ झेलल्याशिवाय पुढे नाही

भजनी मंडळातले किस्से निर्माल्यासारखे साठतात. वाहत्या पाण्यात सोडून द्यावेत म्हणून उचलावेत, तर एखाद्या फुलाला अजून वास असतो! अकोल्याच्या आमच्या मंडळात गाणारे आम्ही सात. आठवे डॉक्टर, ते गात नसत. गुरुवारी खांबाला टेकून ऐकत आणि परदेशी मासिकांत मेंदूविषयी जे नवे वाचले असेल, ते प्रसाद घेताना सांगत.

गणपतबुवा आमचे म्होरके. त्यांचा दंडक एकच : "मागच्यांनी ओळ झेलल्याशिवाय पुढची ओळ नाही!" झेलायची म्हणजे तीच ओळ त्याच चालीत उचलून परत म्हणायची. एका उन्हाळ्यात दुपारच्या भजनाला आम्ही सगळेच पेंगलो. बुवांनी एकच ओळ पाऊण तास म्हटली! शेवटी देवळाबाहेरच्या हारवाल्याने कंटाळून ती झेलली, तेव्हा बुवा पुढे सरकले.

*

रामभाऊ आमचा मृदंगी. पोटासाठी कापसाच्या जिनात कामाला असे. तिथल्या यंत्रात त्याचा उजवा हात मनगटापासून गेला. महिन्याभराने तो डॉक्टरांसमोर येऊन बसला.

"डॉक्टरसायेब, माहा उजवा हात खाजून रायला!"

"कोणता उजवा?"

"तोच तं! जो नाई, तो!"

डॉक्टरांनी समजावले की हात गेला, तरी मेंदूत त्याचा नकाशा शिल्लक असतो; खाज त्या नकाशाला सुटते.

रामभाऊने डावा हात पुढे केला. "मंग तो नकाशा द्या न मले. खाजवून परत करतो!"

सगळे हसले. रामभाऊ हसला नाही. पुढे भजनात तो डाव्या हाताने मृदंगाच्या डाव्या पुडीवर, धुमेवर, ठेका धरी. उजवा खांदा मात्र सबंध ताल वाजवीत असे.

*

डॉक्टरांकडे बाळापूरचा एक वृद्ध आला होता. पक्षाघाताने त्याची डावी बाजू गेलेली. डॉक्टरांनी त्याचा लुळा हात उचलून विचारले, "हा कोणाचा?"

"माह्या भावाचा. इथं इसरून गेला. त्याले नेऊन द्या!"

भाऊ वारून दहा वर्षे झाली होती. आजाराने मेंदूचा एक कोपरा गेला, की माणूस आपला अवयवही ओळखत नाही, असे डॉक्टर म्हणाले. 'देह आपला नव्हे' हे आम्ही दर गुरुवारी घोळवून घोळवून गात होतो. त्या म्हाताऱ्याने ते चाल न लावता सांगितले.

*

मग तो झटका बुवांनाच आला. उजवे अंग लुळे पडले आणि वाचा गेली. उरला एकच शब्द : "पाणी." भूक लागली तरी पाणी, राग आला तरी पाणी!

गुरुवारी आम्ही त्यांच्या खाटेभोवती बसून नेहमीचा अभंग धरला. दुसऱ्या ओळीला बुवांनी तोंड उघडले आणि सबंध अभंग म्हटला, एकही अक्षर न चुकता! आम्ही पायांवर डोकी ठेवली. "चमत्कार!"

डॉक्टर म्हणाले, "बोलण्याची खोली बंद झाली, गाण्याची शेजारी आहे, ती उघडी राहिली."

दारातून बुवांची पत्नी अनसूयावहिनी म्हणाल्या, "देवाले हाक मारता येते, मंग पोराले काहून नाई?"

त्यांचा दिनू लहानपणापासून आमच्याच रांगेत टाळ धरी. पुढे धारणीला शिक्षक झाला आणि तिथल्याच एका बौद्ध शिक्षिकेशी त्याने लग्न केले. बुवांनी त्याला उंबरा बंद केला. चार वर्षे त्यांनी त्याचे नाव घेतले नव्हते. आता घेऊ म्हटले तरी येत नव्हते.

डॉक्टरांनी उपाय सुचवला. "अभंगाच्या चालीत शब्द बसवा. 'दिनू बाळा, घरी ये.' रोज म्हणा. बुवा उचलतील."

मी आडवा आलो. "देवाच्या चालीत माणसाचे नाव? माझ्या जिवात जीव आहे तोवर नाही!"

वहिनी एवढेच म्हणाल्या, "भाऊजी, देव रागावन का तुमी?"

*

अकरा दिवस मी अडून बसलो. बाराव्या दिवशी बुवांना दुसरा झटका आला. त्यानंतर ते चेहरे ओळखीनासे झाले. वहिनींकडेही परक्या बाईकडे पाहावे तसे पाहत.

त्या संध्याकाळी ती ओळ मीच म्हटली. तिसऱ्या खेपेला बुवांनी ती उचलली : "दिनू बाळा, घरी ये." वहिनींनी तोंडात पदर कोंबला. मी धारणीला तार केली.

*

दोन दिवसांनी आम्ही बुवांच्या खाटेशी भजनाला बसलो असता दिनू आला. बुवांनी त्याच्याकडे पाहिले, भिंतीकडे पाहावे तसे, आणि म्हणू लागले, "दिनू बाळा, घरी ये."

"बाबा, आलो ना! मी दिनूच!"

"दिनू बाळा, घरी ये."

दिनूने हात धरला, पाय धरले. बुवा त्याच्याच तोंडावर त्यालाच बोलावीत राहिले. पंधरा वेळा, वीस वेळा. आम्हाला माना वर करवेनात.

रामभाऊ ओरडला, "अबे लेका, बोलतं काय? झेल!"

दिनूने माझ्या हातातला टाळ घेतला आणि रडत रडत ओळ झेलली : "दिनू बाळा, घरी ये."

बुवा थांबले. श्वास घेतला, आणि पुढच्या ओळीवर गेले.

पुढची ओळ आम्ही रचलीच नव्हती.

"सूनबाई, आत ये."

सून उंबऱ्याबाहेर पिशवी घेऊन उभी होती. ती आल्याचे बुवांना कुणी सांगितले नव्हते; तिला आत ये असेही कुणी म्हटले नव्हते. मी डॉक्टरांकडे पाहिले. डॉक्टर माझ्याकडे पाहत होते.

"सूनबाई, आत ये."

आम्ही सहाजण मुकाट बसून राहिलो.

"सूनबाई, आत ये."

आमच्या मंडळात बायका ओळ झेलीत नसत. ती झेलली अनसूयावहिनींनी, स्वयंपाकघराच्या दारातून, पिठाच्या हातांनी टाळी देत.