याबसा वहिनींचं गेट

आमच्या समोरच्या दाराच्या वहिनींना पोलिसांनी धरलं, ही बातमी तळमजल्यावरच्या शिंप्याने आणली. त्याने म्हणे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. मोठ्या मैदानात भर उन्हात माणसं रांगेत उभी, त्यांच्यात वहिनी, आणि गळ्यात शिट्टी अडकवलेला एक मिशाळ गृहस्थ त्यांच्यावर खेकसतोय. "इकडची मान तिकडे करायची सोय नव्हती हो बिचारीला," शिंपी म्हणाला. 'बिचारीला' म्हणताना त्याचा चेहरा असा खुलला होता की गिऱ्हाईक पैसे देतानाही खुलत नाही. संध्याकाळपर्यंत वरच्या मजल्यावर गुन्हाही ठरला होता, फक्त शिक्षा किती यावर एकमत होत नव्हतं.

आमच्या घरात ही बातमी टिकली नाही, कारण आमची बायको सरळ समोरच्या दारात जाऊन विचारून आली. वहिनी सिक्युरिटी गार्डच्या ट्रेनिंगला जात होत्या. तो मिशाळ गृहस्थ म्हणजे त्यांचे उस्ताद, फौजेतून निवृत्त झालेले. आणि मान हलवायची सोय नव्हती, कारण 'सावधान' म्हटल्यावर ती कुणालाच नसते.

तरीही सांगतो, पोलिसांनी धरलं हेच जास्त पटण्यासारखं होतं. वहिनी आणि गार्ड! अहो, या बाईला सगळी इमारत 'याबसा' म्हणते. दारात कुणीही उभं राहो, वहिनींच्या तोंडून आधी "या, बसा" निघतं आणि मग "आपण कोण?" फिल्टर विकणारा येवो, वर्गणीवाला येवो, या, बसा. एकदा पत्ता चुकलेला एक माणूस त्यांच्याकडे चहा पिऊन, पंख्याखाली डुलकी काढून गेला. जाताना म्हणाला, "वहिनी, असाच एकदा मुद्दाम चुकेन." अशा बाईच्या हाती गेट द्यायचं म्हणजे मांजराला दुधावर नाही, दुधालाच मांजरावर पहाऱ्याला बसवण्यासारखं.

पण वहिनींपुढे दुसरी वाट नव्हती. म्हणजे एक होती, आणि तीच त्यांना नको होती. नवरा गाडी चालवायचा, तो दोन वर्षांपूर्वी गेला. मूलबाळ नाही. कपड्यांच्या कारखान्यात त्या बटणं लावायच्या, तो कारखाना बंद पडला. तेव्हा नणंदबाई उगवल्या. नणंदबाईंचा आवाज असा की त्यांनी फोन केला तर मधल्या तारा नुसत्या शोभेला.

"एकटी कशाला राहतेस गं?" त्या दारातूनच गरजल्या. "माझ्याकडे ये. घरातलीच आहेस. सकाळचं तेवढं बघ, दुपारचं बघ, सासूबाईंचं औषधपाणी बघ, संध्याकाळचं बघ. बाकी दिवसभर बसूनच तर राहायचंय!"

त्या गेल्यावर वहिनी आमच्या स्वयंपाकघरात येऊन बसल्या. "दोन घास मिळतील," त्या बायकोला म्हणाल्या, "पण हे दार एकदा बंद झालं की परत माझं दार म्हणून कुठलं उरायचं नाही. मग जन्मभर 'आमच्याकडे असते ती'. मला नाही कुणाकडे असायचं."

कारखान्याच्या गेटवर पूर्वी एक गार्डबाई होती. बायकांच्या पिशव्या बाईनेच तपासायच्या असतात म्हणून गार्ड पुरवणाऱ्या एजन्सीला बायका हव्याच असतात, हे वहिनींना तिच्याकडून ठाऊक होतं. दुसऱ्याच दिवशी त्या मैदानात उभ्या.

शिकण्यात बाई तरबेज निघाली. आग लागली तर लाल सिलिंडरची पिन ओढायची आणि नळी ज्वाळांवर नाही, आगीच्या बुडाशी धरायची. गाडीखालून आरसा फिरवायचा. पिशवी आपण उघडायची नाही, जिची आहे तिलाच उघडायला लावायची. चक्कर आलेल्याला गर्दीतून बाहेर कसं काढायचं, ते तर त्यांनी आमच्या बायकोला सतरंजीवर झोपवून जिन्यापर्यंत ओढत नेऊन दाखवलं. वॉकी-टॉकीवर बोलणं संपलं की 'ओव्हर' म्हणायचं, ही सवय तर इतकी लागली की बायकोने "जेवलीस का गं?" विचारलं तरी उत्तर यायचं, "जेवले. ओव्हर."

घोडं अडलं ते गेटवर. उस्तादांनी मैदानात दोन बांबू रोवले, मध्ये वहिनींना उभं केलं आणि त्यांच्याच तुकडीतल्या एकाला बिनपासाचा पाहुणा करून पाठवलं. तो हातरुमालाने मान पुसत आला आणि म्हणाला, "ताई, फार लांबून आलोय. घोटभर पाणी मिळेल का?"

वहिनी पाणी आणायला गेल्या.

परत आल्या तेव्हा तो आत होता आणि त्याच्यामागून आणखी दोघे शिरले होते. वहिनींनी त्या दोघांनाही पाणी दिलं.

उस्तादांनी कपाळाला हात लावला. "बाई, तुम्ही गेट राखता की पंगत वाढता? बाकी सगळ्यात तुम्ही पहिल्या. म्हणून एक संधी देतो. खऱ्या गेटवर महिनाभर उभ्या राहा. पण एक माणूस जरी तुमच्या मायेपोटी आत गेला, तरी वर्दी परत करायची. कळलं?"

"कळलं. ओव्हर," वहिनी म्हणाल्या.

त्या संध्याकाळपासून आमच्या इमारतीवर संकट आलं. वहिनी जिन्याच्या तळाशी स्टूल टाकून बसायला लागल्या आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला अडवायला लागल्या. सवय करायची म्हणे! मी भाजीची पिशवी घेऊन आलो.

"थांबा. कोणाकडे जायचंय?"

"माझ्याच घरी, वहिनी."

"काम काय?"

"नवरा आहे मी तिथला. दुसरं काय काम असणार?"

वहिनींनी मान वर करून हाक मारली, "अहो, एक गृहस्थ आलेत. तुमचे यजमान आहेत म्हणतात. सोडू का?"

वरून आवाज आला, "कांदे आणलेत का विचार!"

"विसरलो म्हणतात."

"मग नको सोडू!"

मी परत बाजारात गेलो. वहिनींचा अभ्यास, आणि पायपीट माझी.

आम्हाला अडवणं जमलं, पण परक्या माणसाने गयावया केली की त्यांचा जीव पाघळायचा. शिंप्याने मुद्दाम आपलं एक लंगडणारं गिऱ्हाईक पाठवलं, ते सरळ गच्चीपर्यंत जाऊन आलं. वहिनी रडकुंडीला आल्या. मी म्हटलं, "वहिनी, जरा तोंड वाकडं करा, डोळे वटारा. गार्ड असा दिसला पाहिजे की माणसाला आपलं घर आठवावं."

त्यांनी आरशासमोर प्रयत्न केला. आमच्या बायकोने आत येऊन विचारलं, "दाढ दुखतेय का गं?"

मग एका संध्याकाळी वहिनी स्वतःच म्हणाल्या, "मला वाईट होता येणार नाही. पण मला वाटतं, त्याची गरजच नाही. मी 'या' तेवढं टाकून देते. 'बसा' राहू दे."

आणि तसंच केलं. त्यांना मिळालेलं गेट एका काचेच्या इमारतीचं होतं, आत मजल्यामजल्यावर ऑफिसं. पहिल्याच आठवड्यात त्यांनी गेटच्या बाहेरच्या अंगाला, सावलीत, एक बाक मागून घेतला आणि पाण्याची मोठी बाटली भरून ठेवायला सुरुवात केली. बिनपासाचा माणूस तणतणत आला की वहिनी म्हणायच्या, "बसा. पाणी घ्या. मी वर विचारते." पाणी तेवढं आधीच भरलेलं, त्यामुळे जागा सोडायची गरज नाही. आणि तोंडात पाणी असलं की माणसाला भांडता येत नाही, हा शोध त्यांचाच. मोठ्या साहेबाचा मेव्हणा असो की मुंग्या मारायला आलेला माणूस, सगळे त्या बाकावर बसले आणि वरून होकार आल्यावरच आत गेले.

महिना संपत आला असताना नणंदबाई आमच्या इमारतीत आल्या. दाराला कुलूप बघून त्यांनी आमची बेल वाजवली आणि वहिनींच्या कामाचा पत्ता मागितला. मी म्हटलं, पत्ता सांगून सापडायचा नाही, मीच येतो दाखवायला.

"तमाशा बघायला जातोय असं सरळ म्हणा ना," बायको म्हणाली.

गाडीत नणंदबाईंनी बेत सांगितला. "मी तिच्या साहेबांशीच बोलते. आमच्या घरातली बाई टोपी घालून गेटवर उभी राहते, शोभतं का? तिला आजच्या आज काढा म्हणावं. मग बघते कुठे जाते ती!"

आता मात्र मला गंमत वाटेना. पण गाडी गेटशी पोचली होती.

आडवा दांडा खाली होता. त्यामागे खाकी पँट-शर्टात, टोपीत, कमरेला पट्टा बांधलेल्या वहिनी. ड्रायव्हरने हॉर्न वाजवला. वहिनी काचेशी आल्या.

"नमस्कार. पास?"

"अगं, मी आहे!" नणंदबाई म्हणाल्या.

"हो वन्सं, दिसलं. पास?"

नणंदबाई दाणकन दार आपटून खाली उतरल्या. वहिनींनी बाक दाखवला, पाण्याचा पेला पुढे केला. नणंदबाईंनी तो घेतला नाही. मी घेतला आणि बसलो. माझाही पास नव्हता.

"कोणाला भेटायचंय?" वहिनींनी विचारलं.

"तुझ्या साहेबांना."

"काम?"

"ते त्यांनाच सांगेन."

"काम सांगितल्याशिवाय मला वर विचारता येत नाही, वन्सं."

"मग ऐक! तुला कामावरून काढा हे सांगायला आलेय मी!"

माझा पेला तोंडापाशीच राहिला. वहिनींचा हात शिट्टीच्या दोरीवर गेला, तिथे क्षणभर घुटमळला. मग त्यांची मान सरळ झाली आणि त्यांनी फोन उचलला. दुसऱ्या कुणीही काहीतरी थाप मारली असती. 'साहेब नाहीत' म्हणायला काय जातंय? पण वहिनी शब्द न् शब्द बोलल्या.

"साहेब, गेटवरून बोलतेय. एक बाई आल्या आहेत. माझ्या नणंद आहेत. मला कामावरून काढा असं सांगण्यासाठी त्यांना तुम्हाला भेटायचंय. पाठवू का वर?"

फोन कानाला लावून वहिनी सावधान उभ्या. मग त्या "हो साहेब" म्हणाल्या आणि फोन ठेवला.

"साहेब म्हणाले, गार्डच्या कामाबद्दल तक्रार असेल तर एजन्सीला कळवा. त्यांची स्वतःची काही तक्रार नाही. आणि वर पाठवू नका म्हणाले." एवढं सांगून त्या थांबल्या, मग आठवल्यासारखं म्हणाल्या, "एजन्सीचा पत्ता हवा असेल तर देते, वन्सं."

नणंदबाई तरातरा दांड्याच्या बाजूच्या फटीकडे निघाल्या. त्या पोचायच्या आत वहिनी तिथे उभ्या होत्या. हात लावला नाही, आवाज चढवला नाही. नुसत्या उभ्या.

"मला अडवतेस?" नणंदबाईंचा आवाज फुटला. "सख्ख्या नणंदेला? आज माझा भाऊ असता, तर त्याच्या बहिणीला असं दारातून हाकललं असतंस?"

वहिनींचे डोळे भरून आले ते मी बाकावरून पाहिलं. पाय मात्र जिथले तिथे होते.

"वन्सं, घरी कधीही या, दार उघडंच आहे. इथे पास नाही तर आत नाही. आणि जरा बाजूला व्हा, मागे गाडी खोळंबलीय."