सायमाचा उजेड

सायमाला आमच्या गावात 'दिवेवाली' म्हणत. हे नाव ठेवण्यात माझाही हात होता, ते आधीच कबूल करून टाकते.

बावीस वर्षांपूर्वी, फेब्रुवारीतल्या एका शनिवारी संध्याकाळी, तिने घरासमोरच्या दलदलीवर उजेड पाहिला. शनिवार म्हणजे सौनाचा, तापल्या दगडांवर पाणी टाकून वाफ घ्यायच्या खोलीचा दिवस. आम्ही फिनलंडचे लोक अमेरिकेत, मिशिगनात येऊन चार पिढ्या झाल्या, भाषा गेली, पण शनिवारचा सौना कुणी चुकवत नाही. आत घामाघूम व्हायचं आणि मग तसंच उघड्या अंगाने बर्फात जाऊन उभं राहायचं. सायमा अशीच उभी होती. समोरच्या झाडांच्या शेंड्यांवर पातेल्याच्या झाकणाएवढा पिवळा उजेड आला, घराच्या दिशेने सरकला, थांबला आणि नाहीसा झाला. आवाज नाही, काही नाही.

दुसऱ्या दिवशी चर्चच्या तळघरात कॉफी पिताना तिने हे सांगितलं. मी वेलदोड्याचा पाव कापत होते.

"बर्फावरून जाणाऱ्या स्नोमोबिलचा दिवा असेल," माझा नवरा म्हणाला.

"तुझी स्नोमोबिल झाडांवरून जाते का रे?"

"मग सौनात बाटली नेली असशील, बाई!" हे मी म्हणाले. सगळे खो खो हसले.

कुणीतरी विचारलं, "आणि वैनो? त्याने पाहिला का?"

वैनो तिचा नवरा, शाळेच्या बसचा ड्रायव्हर. तो मिठाची गुळणी धरून कपात बघत बसला होता. सायमाने त्याच्याकडे एकदा पाहिलं.

"तो आत होता," ती म्हणाली. "दगडांवर पाणी टाकत होता."

त्यानंतर ज्याने विचारलं त्याला तिने ती हकिगत सांगितली, तिखटमीठ न लावता, दर वेळी तेवढीच. लोक मुद्दाम विचारायचे. बसमधल्या प्रत्येक पोराला ती दर हिवाळ्यात लोकरीचे हातमोजे विणून द्यायची, आणि तेच हातमोजे घालून पोरं तिला 'दिवेवाली' म्हणून चिडवायची. पहाटे पाचला उठून वैनोच्या बसच्या काचेवरचं बर्फ खरवडायची ती हीच बाई. मला तिची कीव यायची, आणि तरी मी हसायचे. माणूस असाच असतो, दुसरं काय.

या डिसेंबरात वैनो निवृत्त झाला. त्याच तळघरात कॉफी ठेवली होती. शाळेने त्याला भिंतीवरचं घड्याळ दिलं. बसमध्ये "बसून घ्या" याच्यापलीकडे कधी न बोललेला हा माणूस घड्याळ काखेत धरून उभा राहिला.

"तो उजेड मीही पाहिला होता," तो म्हणाला. "मी आत नव्हतो. तिच्या शेजारीच होतो. पण दिवे दिसणाऱ्या ड्रायव्हरच्या बसमध्ये तुम्ही पोरं बसवली असतीत का? म्हणून गप्प राहिलो. तिला एकटीला खोटं पडू दिलं." मग तिच्याकडे वळून म्हणाला, "सायमा, चुकलो मी."

माझी मान वर होईना.

"बस गेली तेव्हा तोंड फुटलं होय रे तुला?" सायमा म्हणाली. "आणि तेही अर्धवटच सांगतोस! म्हणे शेजारी!"

मग ती आमच्याकडे वळली.

"शेजारी नव्हता हा. उजेड जवळ यायला लागला तसा माझ्या पुढे येऊन आडवा उभा राहिला. अंगावर धागा नाही. हातात सौनात अंगावर मारून घ्यायची ती बर्चच्या पानांची जुडी, तेवढीच. ती उगारून त्या उजेडाला म्हणाला, 'हिच्याकडे यायचं नाही!'"

सगळे हसले. वैनोचे कान लाल झाले. हसता हसता माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं ते थांबेना.

सायमाने त्याच्या काखेतलं घड्याळ काढून टेबलावर ठेवलं आणि त्याचा हात धरला.

"बावीस वर्षं सांगतेय," ती म्हणाली, "आणि दर वेळी एवढंच गाळावं लागायचं. उजेडाचं काय, तो आला नि गेला."