चाळणीचा अर्थ

"आधी वस्तू पाहा, मग अर्थ विचारा," असे म्हणून काका चित्रापासून वीतभर दूर बोट धरत. कागदाला स्पर्श कधीच नाही.

पार्सिपनी या अमेरिकन गावातील हे निवृत्त डॉक्टर जुनी युरोपीय कोरीव चित्रे जमवीत. सतराव्या शतकातील त्या चित्रांत मेणबत्ती, भाता, कुलूप अशी रोजच्या वापरातील एखादी वस्तू असे आणि खाली तिचे तात्पर्य सांगणारी लॅटिन ओळ. आमच्या बेसमेंटमध्ये भरणाऱ्या रविवारच्या मराठी वर्गात काका एकेक चित्र आणत. पुण्यात मी शिक्षिका होते. इथे व्हिसामुळे नोकरी करता येत नव्हती. तो वर्ग हीच माझी शाळा होती.

आता तुम्हीच सांगा, औषधांची नावे इतक्या ऐटीत उच्चारणाऱ्या डॉक्टरांना लॅटिन येत नसेल, अशी शंका कुणाला येईल?

"चाळणी म्हणजे विवेक," ते सांगत. "चांगलं ठेवते, वाईट टाकते. बरोबर ना, बाई?"

मी ते मुलांकडून पाठ करून घेई. एक मुलगी एकदा पुटपुटली, "बट काका, चाळणीत उरतं ना, माय मॉम थ्रोज दॅट पार्ट अवे."

"तुझी आई इंजिनिअर," काका म्हणाले. "तिला स्वयंपाकातलं काय विचारतेस?" सगळे हसले. मीही.

२००४ साली गावच्या लायब्ररीत मुलांनी पालकांसमोर चित्रांचे अर्थ सांगितले. चाळणीपाशी ग्रंथपालबाई थांबल्या. शाळेत असताना त्या लॅटिन शिकल्या होत्या. "इथे उलट लिहिलंय," त्या हळूच म्हणाल्या. "चांगलं पीठ निघून जातं, चाळणीत उरतो तो कोंडा."

मी काकांकडे पाहिले. ते हसून इंग्रजीत म्हणाले, "अर्थ सगळे बाईंचे. मी नुसती चित्रं देतो."

पार्किंगमध्ये मी विचारले, "काका, तुम्हाला लॅटिन येतं ना?"

"आमच्या कॉलेजात कुठलं लॅटिन? वस्तूवरून अंदाज येतो." त्यांनी गाडीचे दार उघडले. "मनावर घेऊ नका. रविवारी भाता आणतो."

चूक मी मुलांसमोर फळ्यावर खोडून दाखवली असती. पण त्यांनी ती माझ्या नावावर टाकली, आणि मुलांनी ते ऐकले.

शुक्रवारी फोन आला. "किती वाजता येऊ?"

"वर्ग बंद केलाय, काका."

"अरेरे. मुलं हिरमुसली असतील."

रविवारी त्यांची गाडी समोर येऊन थांबली. मला धीर द्यायला आले असावेत; शेजारच्या सीटवर मिठाईचा डबा होता. दप्तरे घेतलेली मुले एकामागून एक आमच्या दारातून आत येत होती. काकांनी शेवटचे मूल आत जाईपर्यंत पाहिले. मग इंडिकेटर लावला, मान वळवून मागचा रस्ता नीट पाहिला, आणि गाडी सावकाश बाहेर काढली.