बरणीतला जंत

शाळेच्या प्रयोगशाळेत एका बरणीत जंत ठेवलाय. तो दाखवून मी वर्षानुवर्षं मुलांना हात धुवायला लावलेत. परवा वाचलं, की पोटात टिकून राहण्यासाठी काही जंत असं काही द्रव्य सोडतात, की त्यांच्यावर चवताळलेलं शरीर शांत होतं. त्यातून दम्यावर औषध काढायचे प्रयोग चाललेत. ज्याची इतकी किळस केली, त्याला शरीराची समजूत काढता येते तर!

माझ्या बायकोचं, सुधाचं, शरीर साध्या धुळीवर चवताळतं. दम्याचा पंप ओढून ती नुकतीच सावरली होती, तेव्हा तिला हे सांगितलं.

“म्हणजे आता जंत पाळू?”

“जंत नाही गं, त्याचं समजावणं तेवढं घ्यायचं.”

ती खळखळून हसली. मी खोकल्याची वाट पाहिली. आला नाही.

आज शाळेत ती बरणी पुसली. ओल्या फडक्यानं, धूळ उडू नये म्हणून घरी पुसतो तशी.