साडूसाठी निळंशार पाणी

तोंडातला घोट आधी गिळा, मग ऐका. मागच्या खेपेला हे सांगताना एकाच्या नाकातून चहा आला होता. माणूस चुकतो, त्यात काय विशेष? पण मी चुकलो तो पायरी पायरीने, आणि दर पायरीला स्वतःची पाठ थोपटत. तेही घरच्या स्विमिंग टँकात!

हो, स्विमिंग टँक. बोरी बुद्रुकात. हसू नका राव. एका साली द्राक्षांनी हात दिला आणि माझ्या डोक्यात वारं शिरलं. बागेचं पाणी साठवायला घरामागे हौद होताच. त्याला आतून पांढऱ्या टाइल्स लावल्या, स्टीलची शिडी बसवली, झाला टँक! आमचे वडील, म्हणजे आबा, रोज त्याच्या काठावर बसून विचारायचे, "इहिरीत पवायला काय मगर हाय का रं?" खरं कारण सांगायची मला लाज वाटत होती.

खरं कारण होतं आमची मंडळी, मंदा. तिची धाकटी बहीण शोभा पुण्याला दिलेली. दर चैत्रात आमच्या गावच्या जत्रेला शोभा आणि तिचे मालक विलासराव यायचे. जेवण झालं, हात धुतले, की विलासराव घड्याळ बघायचे. इथे करमत नाही असं तोंडाने कधी म्हणाले नाहीत, पण माणूस आल्या आल्या गाडी पुण्याकडे तोंड करून लावायचा! गाडी गेली की मंदा घासलेली भांडी पुन्हा घासायला घ्यायची. लग्नं झाल्यापासून दोघी बहिणी एका छपराखाली एक रात्र झोपल्या नव्हत्या. ते मला बघवायचं नाही.

अशात एका लग्नाच्या पंगतीत विलासराव सांगायला लागले, की ते रोज सकाळी पोहायला जातात, आणि तिथलं पाणी काय निळंशार असतं. माझी जीभ कुठली गप्प बसायला! मी म्हणालो, आमच्या टँकचं पाणी याहून निळं आहे, यंदा जत्रेला मुक्कामी या आणि पोटभर पोहा. आणि विलासराव चक्क हो म्हणाले! त्याच संध्याकाळी मंदाने पेटीतल्या गोधड्या उन्हाला घालायला काढल्या. संध्याकाळी, ऊन गेल्यावर. यावरून काय ते समजा.

घरी येऊन टँकात डोकावलो, तर पाणी हिरवंगार. कालव्याचं पाणी, त्यावर चैत्राचं ऊन, आणि फिल्टर नावाची वस्तू मला ठाऊकच नव्हती. एक बेडूक शिडीवर बसून माझ्याकडे असा बघत होता, जणू मीच पाहुणा. आबा म्हणाले की म्हशीला आवडेल.

पण मी घाबरतो काय? गावच्या पाणीपुरवठा समितीवर बसून आलेला माणूस! समितीत मी काय केलं ते सोडा, पण गावच्या टाकीत क्लोरीनची पांढरी टीसीएल पावडर टाकतात, एवढं मला माहीत होतं. किती टाकतात, हेसुद्धा माहीत होतं. पण आपण पडलो बागाईतदार. डब्यावर एक झाकण लिहिलं की आपला हात दोन टाकतो आणि वर जिवाला बरं वाटावं म्हणून तिसरं. त्या हिशेबाने मी टँकात पावडर ओतली आणि बांबूने ढवळली.

सकाळी हिरवं गायब! बेडूकही गायब. पण पाणी म्हणजे नुसतं ताक. पावडरचा वास असा, की दारातून जाणारा माणूस नाकाला टॉवेल लावून जात होता. मंदा म्हणाली, हात लावू नका, दोन दिवसांत सगळं खाली बसेल. तिचं बरोबर होतं. हे मला आज कळतं. तेव्हा मी काय केलं? पुन्हा ढवळलं.

जत्रा आली तोंडावर. पाणी पांढरंच, आणि कोपऱ्यात शेवाळ अजून चिकटून. मग आठवलं, की शेवाळ मारायला काही जण विहिरीत मोरचूद टाकतात. मोरचुदाचे निळे खडे आमच्याकडे पोत्याने पडलेले, बागेच्या फवारणीसाठी. शेवाळही मरेल आणि पाणी निळंही होईल, एका दगडात दोन पक्षी! आपल्या डोक्याचं मला फार कौतुक वाटलं. खडे फडक्यात बांधून बादल्यांत भिजत टाकले आणि दुसऱ्या दिवशी ते निळं पाणी टँकात सोडलं.

आणि इथे माझा घात माझ्याच हातांनी केला. सगळा जन्म ज्या हातांनी मोरचुदाच्या पाठोपाठ चुना कालवला, ते हात थांबतील कसे? मोरचूद नुसता जहाल असतो, चुना घातला की थंड होतो, हे आमच्याकडे शाळेत न गेलेल्यालाही कळतं. मी चुन्याची निवळी केली, गाळली, ओतली. एवढ्यावर थांबलो असतो तरी म्हणायला जागा होती. पण नाही! बागेचं औषध केलं की लोखंडी विळा बुडवून बघायचा असतो. विळ्यावर तांबूस चढलं, तर चुना कमी पडला. मी घरातून विळा आणला, टँकात बुडवला, उन्हात धरून निरखला. विळा स्वच्छ! मी समाधानाने मान हलवली.

आपण कुठली परीक्षा पास झालो, हा विचार मात्र डोक्याला शिवला नाही.

पाणी काय निळं झालं म्हणता! भिंतीला द्यायच्या रंगासारखं, पक्कं निळं. मंदा म्हणाली, अहो, शिडीची दुसरी पायरी दिसत न्हाई. मी म्हणालो, निळं पाणी असतंच खोल.

जत्रेच्या सकाळी विलासराव आले. गाडी नेहमीप्रमाणे पुण्याकडे तोंड करून लावली, पण डिकीतून पिशवी काढली! मंदा माझ्याकडे बघून हसली. विलासराव टँकजवळ गेले, बघतच राहिले, आणि म्हणाले की असला निळा रंग पुण्यातसुद्धा नाही. जत्रेचे पाच-पंचवीस पाव्हणे ओट्यावरून बघत होते. डोळ्यांना पोहायचा चष्मा लावून विलासरावांनी सूर मारला.

आता विलासरावांचे केस कसे, ते सांगायचं राहिलं. दाट, पांढरेशुभ्र, मागे फिरवलेले. बँकेत त्यांना त्या केसांवरून साहेब म्हणायचे.

चांगल्या चार-सहा फेऱ्या मारून ते शिडीला आले. आधी डोकं वर आलं. ओट्यावरचे पाव्हणे उठून उभे राहिले. डोकं निळसर हिरवं, भुवया निळ्या, छातीच्या केसांत निळा गाळ. विलासराव हसत होते, कारण त्यांना त्यातलं काही दिसत नव्हतं. मला मात्र सगळं दिसत होतं.

आबा काठावरून उठले. वाकून त्यांनी पाण्यात हात घातला, बोटांवर चोळून पाहिलं, वास घेतला आणि माझ्याकडे वळले.

"बोर्डो लई झ्याक जमलाय," ते शांतपणे म्हणाले. "पर पावन्याला डावणी झालीया का?"

बोर्डो म्हणजे मोरचूद-चुन्याचं मिश्रण, आणि डावणी म्हणजे द्राक्षाच्या वेलीवर पडते ती बुरशी, जिच्यावर ते फवारतात. म्हणजे मी पाणी साफ केलंच नव्हतं. मी सहा फूट खोल औषध तयार केलं होतं आणि साडूला त्यात बुचकळून काढलं होतं! पाच-पंचवीस पाव्हणे जे हसले, तो आवाज देवळापर्यंत गेला असणार.

विलासरावांनी आरशात पाहिलं आणि खाटेवर बसले. साबण झाला, शिकेकाई झाली. अंगाचा रंग निघाला, केसांचा निघेना. दुपार झाली, जेवणं झाली, घड्याळ बघायची वेळ झाली. विलासराव डोक्याला टॉवेल गुंडाळून बसलेले.

"या डोक्याने मी सोसायटीत शिरणार नाही," ते शोभाला म्हणाले. "बँकेत तर नाहीच नाही. हे जाईपर्यंत इथेच राहायचं."

मंदा आत पळाली. मला वाटलं, रडायला गेली. बघतो तर बाई चिंच भिजत घालत होती! तांब्याची भांडी चिंचेने निघतात, मग हे का निघणार नाही, असं तिचं म्हणणं. मोरचूद म्हणजे तरी तांबंच की. मग मागच्या दारी धुण्याच्या दगडावर विलासरावांना बसवलं. शोभा त्यांचं डोकं चिंचेने घासते आहे आणि मंदा शेजारी बसून पाणी घालते आहे. दोघी इतक्या हसत होत्या, की पाणी डोक्यावर कमी आणि जमिनीवर जास्त.

त्या रात्री ओसरीवर दोघींनी गोधड्या शेजारी शेजारी टाकल्या. किती वेळ बोलत होत्या कोण जाणे. मला माझ्या अब्रूचं काही वाटेनासं झालं, खरं सांगतो.

विलासराव चांगले तीन दिवस राहिले. टँकातलं पाणी आम्ही पंपाने उपसून नुकत्याच छाटलेल्या बागेच्या खोडांवर मारलं, आणि रिकामं बसून कंटाळलेल्या विलासरावांनी टॉवेल गुंडाळून स्वतः फवारणीची गन धरली. जाताना ते पुष्कळ पांढरे झाले होते. अजून बोरीत त्यांना निळे पावणे म्हणतात.

पुढच्या वर्षी मी शहाणा झालो. फिल्टर बसवला, पुस्तकात वाचून क्लोरीन मोजून टाकलं, ढवळलं नाही. पाणी असं स्वच्छ, की तळाला पडलेली सुई दिसावी. विलासराव मनसोक्त पोहले, माझं तोंडभरून कौतुक केलं, जेवले, हात धुतले आणि घड्याळ बघितलं. गाडी पुण्याकडे तोंड करून उभीच होती.

मंदाने मला हळूच कोठीच्या खोलीत बोलावलं.

"आवो," ती म्हणाली, "मोरचूद कुठं ठिवलाय?"

एवढ्या संसारात बायकोला माझं एकच काम पुन्हा करून हवं होतं. तेही नेमकं बिघडलेलं!